घरच्या घरी बेरीज-वजाबाकी
(मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत केलेले भाषण)



शनिवारच्या बैठकीत दरवेळी एकीने दोन शब्द बोलायचे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर लोणच्यापासून पोस्टातल्या बचतीपर्यंत पुष्कळ विषय झाले. माझी पाळी आली तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या ओट्यावर दुपारी मुले जमतात ना, त्यांच्याबद्दलच बोला." म्हणून हा विषय घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हा मोठ्या गणिताच्या वाटेला मी जाणार नाही. पहिली-दुसरीतल्या मुलांची बेरीज-वजाबाकी, एवढेच बोलणार आहे. आणि ती शिकवायला सातवीसुद्धा लागत नाही, असे माझे मत आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्या गल्लीतल्या दुसरीतल्या एका मुलीच्या वहीवर शाळेतून शेरा आला, "गणितात कच्ची." आई घाबरली. घरातले अर्धा लिटर दूध कमी करून तिने मुलीला शिकवणी लावली. शिकवणीत रोज वहीची चार पाने भरून गणिते. मुलगी ती मुकाट्याने करी, आणि निम्म्याहून अधिक चुकवी. मग संध्याकाळी धपाटे. पुढे पुढे वही काढली की तिच्या पोटात दुखायला लागे. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. आई मला म्हणाली, "वहिनी, माझ्याच डोक्यात गणित नाही, तिच्या कुठून येणार?" आता ही बाई बारा जणींच्या भिशीचा हिशेब वर्षभर तोंडी ठेवते! कुणाचे किती आले, कुणाचे राहिले, हे झोपेतून उठवून विचारा. तिच्या डोक्यात गणित नाही म्हणायचे तर कुणाच्या डोक्यात आहे?

हे दुखणे आपल्या गल्लीपुरते नाही. 'असर' म्हणून एक पाहणी होते. तिची माणसे खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांना वाचायला आणि गणित करायला देतात. २०२४ सालच्या पाहणीत देशातल्या खेड्यांत तिसरीतल्या शंभर मुलांपैकी चौतीसेक मुलांनाच वजाबाकी जमली, असे माझ्या थोरल्या मुलाने मला वाचून दाखवले. म्हणजे तिघांतल्या दोघांना नाही. एवढी सगळी मुले काही ढ नसतात.

मुलगी माझ्याकडे येऊ लागली तेव्हा मी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि सुपात चिंचोके ओतले. यात माझी काही मोठी युक्ती नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी महागडी साधने आणणार कोठून? म्हणून त्यांनी बिया, पाने, खडे, शंख-शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंचीच साधने केली. आपल्याकडे तर स्वयंपाकघरभर साधने पडलेली आहेत. वाट्या, चमचे, वालाचे दाणे, बांगड्या, खराट्याचे हीर. (दाणे तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मात्र देऊ नका, नाकात घालतात.)

मूल शंभरपर्यंत घडाघडा म्हणते म्हणून आपण पाहुण्यांपुढे त्याला उभे करतो. पण म्हणणे निराळे आणि मोजणे निराळे. दहा वाट्या पसरून मोजायला सांगा. बोट एका वाटीवर आणि तोंडातला आकडा पुढच्या वाटीवर, असे पुष्कळांचे होते. मोजून झाल्यावर "मग किती वाट्या?" असे विचारले, तर काही मुले पुन्हा पहिल्या वाटीपासून मोजू लागतात. शेवटचा आकडा म्हणजेच सगळ्या वाट्या, हे त्यांना अजून उमगलेले नसते. अशा मुलाला बेरीज घालणे म्हणजे पीठ भिजवण्याआधीच पोळी लाटायला बसवणे. त्याच्याकडून महिनाभर नुसती पाने मांडून घ्यावीत. आज जेवायला सहा माणसे, सहा पाटे, सहा भांडी.

मोजणे जमले की बेरीज फार दूर नसते. पाच आणि तीन किती, म्हटल्यावर मूल आधी पाच चिंचोके मोजते, मग तीन मोजते, आणि मग सगळे एकत्र करून पुन्हा एकपासून आठपर्यंत मोजते. मोजू द्यावे. कंटाळले की आपण म्हणावे, "हे पाच तर तू आताच मोजलेस. पाच मनात ठेव. पुढे?" सहा, सात, आठ. हे जमले की एके दिवशी दोन आणि नऊ द्यावे. दोन मनात ठेवून पुढे नऊ मोजता मोजता दमले, की बहुतेक मुले आपणहून नऊ मनात धरतात. ती युक्ती त्यांची त्यांना सापडू द्यावी. आपण सांगितली तर चार दिवसांत विसरतात.

इथे एक चूक हमखास होते. आठ आणि तीन विचारले की मूल म्हणते, "आठ, नऊ, दहा. दहा!" ते पहिल्या बोटावर आठच म्हणते. सापशिडीतही हेच. सोंगटी तेवीसच्या घरावर आणि फासा पडला चार, तर ज्या घरात सोंगटी उभी आहे त्यालाच 'एक' म्हणून सुरुवात करते आणि सव्वीसवर येऊन थांबते. बरोबर खेळणारे भांडायला उठतात आणि तिथल्या तिथे चूक सुधारते. म्हणून सापशिडी आणि आपले चल्लस आठ हे खेळ मी दहा वह्यांच्या तोलाचे समजते. पावसाळ्याच्या दुपारी पट मांडून द्यावा आणि आपण मटार सोलत जवळ बसावे.

पुष्कळ ठिकाणी मुलांना बोटे मोजू देत नाहीत. "बोटे काय मोजतोस, डोक्यात कर," म्हणून दटावतात. मला हे पसंत नाही. आपल्या आज्या अंगठ्याने बोटांची पेरे मोजत. एका बोटाची तीन, चार बोटांची बारा. अख्ख्या संसाराचे हिशेब त्या पेरांवर झाले. बोटांची गरज संपली की मूल ती आपोआप सोडते.

मात्र दहाच्या जोड्या मुलाच्या जिभेवर हव्यात. नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच. त्यासाठी माझ्या ओट्यावर पदराचा खेळ चालतो. दहा बांगड्या घ्यायच्या, काही पदराखाली लपवायच्या, उरलेल्या समोर ठेवायच्या. "पदराखाली किती?" समोर सहा दिसल्या तर चार. सांगितले की पदर उचलून दाखवायचा. पाच मिनिटांचा खेळ, पण मुले सोडायला तयार नसतात, आणि आपल्यालाच लपवायला सांगतात. मग आठ आणि पाच विचारले की पाचातले दोन आठाला देऊन दहा करतात आणि वर तीन, तेरा, असे सांगतात.

आता वजाबाकी. खरी अडचण तिथेच आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलते.

वजाबाकी म्हणजे 'काढून टाकणे', असे आपण धरून चालतो. डब्यात नऊ लाडू होते, चार खाल्ले, किती उरले? हे पहिलीतल्या मुलालाही येते. पण तेच नऊ आणि चार घेऊन दुसरे विचारा. पंगतीला नऊ माणसे आहेत, ताटे चारच मांडली आहेत, आणखी किती हवीत? इथे कुणी काही काढून नेलेले नाही. मूल गोंधळते आणि नऊ-चार तेरा म्हणून मोकळे होते. आणि तिसरे, ताईच्या हातात नऊ बांगड्या, धाकटीच्या हातात चार, तर ताईच्या किती जास्त? बहुतेक मुले सांगतात, "नऊ!" त्यांना वाटते, कुणाच्या जास्त ते विचारले. तिन्ही ठिकाणी गणित एकच, उत्तरही पाचच. पण मुलाला ही तीन निरनिराळी दुखणी वाटतात, आणि त्याचे तसे वाटणे चुकीचेही नाही.

उपाय वहीत नाही, ओट्यावर आहे. ताटे खरोखर मांडायला लावा. चार माणसांना ताटे मिळाली, पुढे पाच, सहा, सात, आठ, नऊ. किती मांडावी लागली? पाच. बांगड्यांच्या दोन ओळी करा, ताईच्या एकीखाली धाकटीची एक. जिथे धाकटीची ओळ संपली, त्याच्या पुढच्या ताईच्या मोजा. दोन-चार दिवस केले की मूल आपणहून म्हणते, "हे पण नऊतून चार गेल्यासारखेच आहे की!" ते त्याच्या तोंडून येऊ द्यावे.

काही ठिकाणी मुलांकडून पाठ करून घेतात, की 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी, 'जास्त' दिसले की अमुक. हे मला घातकी वाटते. दादाकडे नऊ गोट्या आहेत, त्या बाळूपेक्षा चार जास्त आहेत, तर बाळूकडे किती? 'जास्त' शब्द दिसला म्हणून मूल तेरा लिहून मोकळे. गणित वाचलेच नाही, नुसता शब्द हुडकला. गोष्ट काय आहे ते आधी मुलाला आपल्या शब्दांत सांगू द्यावे, आकड्यांचे मागून पाहावे.

त्या मुलीच्या वहीकडे येते. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे होते. तिने लिहिले होते पस्तीस. शिकवणीत त्यावर लाल फुली मारली होती आणि खाली उत्तर पंचवीस लिहून दिले होते. मी तिला विचारले, "कसे केलेस ते सांग." म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन गेले, तीन." बघा, मुलीने डोके चालवले होते! मोठ्यातून लहान काढायचे हे तिला शिकवलेले होते, तेच तिने केले. अशीच बेरजेत अठ्ठावीस आणि पंधराचे उत्तर तीनशे तेरा येते. आठ-पाच तेरा अख्खे खाली लिहिले आणि शेजारी दोन-एक तीन. हातचा कशाला घ्यायचा हे ठाऊक नाही, आणि नुसता "हातचा विसरलीस" म्हटल्याने ते कळत नाही.

मी तिच्यासमोर दहा-दहाच्या पाच नोटा आणि एक-एक रुपयाची दोन नाणी ठेवली. "हे किती?" बावन्न. "तू वाणी, मी गिऱ्हाईक. माझे सत्तावीस झाले, घे यातून." तिने दोन नोटा उचलल्या. मग नाण्यांकडे हात नेला आणि थांबली. सात हवेत, आहेत दोन. मी काहीच बोलले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काकू, एक नोट मोडून आणू?" अहो, हातच्याची वजाबाकी म्हणजे दुसरे काय? नोट मोडायची! दहाचे सुटे आणले, नाणी झाली बारा. बारातून सात घेतले, उरली पाच. नोटा उरल्या दोन. पंचवीस. मग आम्ही तेच वहीत लिहिले. पाच दशकांतले एक मोडले, राहिली चार, सुटे झाले बारा. शाळेत हेच 'दशक सुटे करणे' म्हणून शिकवतात. पण त्या मुलीने सुटे करणे कधी हाताने केलेलेच नव्हते.

आणि का नव्हते, तेही सांगते. आपण लहान असताना वाण्याकडे पाठवत. पैसे मुठीत आवळून जायचे, उरलेले मोजून आणायचे, एक कमी आला तर परत पाठवत. २०१६ साली मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआयची सोय आली आणि हळूहळू भाजीवालीच्या पाटीवरही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद आला. सोय चांगलीच आहे, मीही वापरते. पण मुलांच्या डोळ्यांसमोरून सुटे पैसे नाहीसे झाले. फोन पुढे केला, टुंग वाजले, झाले. म्हणून मी म्हणते, आठवड्यातून एकदा तरी मुलाला बरोबर घेऊन रोख पैसे देऊन भाजी घ्यावी. जुन्या भाजीवाल्या मोड कशी देतात ते त्याला बघू द्यावे. भाजी झाली सदतीसची, आपण दिली पन्नासची नोट. ती वजाबाकी करीतच नाही. एकेक नाणे हातावर ठेवीत म्हणते, "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस," आणि दहाची नोट ठेवून, "पन्नास." किती परत आले? तेरा. पुढे मोजत जाऊनही वजाबाकी होते, हे ती रोज पन्नास जणींना शिकवते आणि कुणाकडून फी घेत नाही.

आपल्या मराठी आकड्यांबद्दल थोडे. सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी म्हणतो आणि चाळीस मागून, पण लिहिताना चार आधी. म्हणून मुले ऐकून ७४ लिहितात. इंग्रजी शाळेतल्या मुलांची आणखी ओढाताण, कारण तिथे चाळीस आधी आणि घरी सात आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचायची रीत जोडीला दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते तुम्हाला आठवत असेल. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची टीव्हीवर थट्टासुद्धा झाली. मला विचाराल तर बाजारात सत्तेचाळीसच म्हणावे, भाषा आपलीच राहू द्यावी. पण मूल वहीत अडले, तर "म्हणजे चाळीस आणि सात" असे कानात सांगायला काय हरकत आहे? आपण रागवण्यापेक्षा ते बरे.

उलट, आपल्या आकड्यांत एक खुबी आहे, ती मात्र मुलांना जरूर दाखवा. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळ्यांच्या नावातच वजाबाकी बसलेली आहे. चौतिसातून एकोणीस काढायचे तर वीस देऊन टाकावेत, राहिले चौदा, आणि एक परत घ्यावा, पंधरा. ही युक्ती मुलांना जादूसारखी वाटते. आमच्या ओट्यावरच्या एका पोराने विचारले, "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्या दिवसापासून तो एकोणशंभरच म्हणतो.

मुलाजवळ बसायचे ते रोज पंधरा-वीस मिनिटे, त्याहून जास्त नको. झोपेच्या वेळी तर नकोच. आणि पुरुषमंडळींना एक सांगून ठेवा. संध्याकाळी कामावरून आल्यावर वही बघतात आणि म्हणतात, "एवढे सोपे येत नाही?" हे वाक्य छडीपेक्षा वाईट. सोपे असून आपल्याला येत नाही, म्हणजे आपण बिनडोक, असे मूल समजते, आणि पुढे विचारायचेच सोडून देते. आपल्यापैकी किती जणी त्या वाक्याने शाळेतून मागे फिरल्या असतील, कोण जाणे. त्यापेक्षा "कसे केलेस ते मला सांग" म्हणावे. उत्तर बरोबर असले तरी म्हणावे, नाहीतर मुलाला वाटते की चुकले म्हणजेच विचारतात.

त्या मुलीचे आता पुष्कळ बरे आहे. पोटात दुखत नाही. शिकवणी अजून चालू आहे, कारण वर्षाचे पैसे आगाऊ भरून बसले आहेत. सगळे आले असे मात्र नाही. शून्य आले की अडते. परवाच चाळिसातून सोळा वजा करून छत्तीस लिहिले होते. मी पैशांची पेटी पुढे केली, तर म्हणाली, "थांबा काकू, मी मनातच नोट मोडते," आणि खोडून चोवीस केले. ओट्यावरच्या लहान मुलांना चिंचोके वाटून देण्याचे काम आता तिच्याकडे आहे, आणि ती ते फार कडकपणे करते.

आपल्या कार्यकारिणीने ठरवल्याप्रमाणे मी आणि चिटणीसबाईंनी मिळून जुन्या साड्यांच्या वीस पिशव्या शिवल्या आहेत. प्रत्येकीत शंभर चिंचोके, खराट्याच्या हिरांच्या दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दहा सुटे हीर आहेत. पिशव्या दाराजवळच्या कपाटात ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी पहिली-दुसरीतली मुले आहेत त्यांनी नाव लिहून न्याव्यात आणि महिन्याने परत आणाव्यात, म्हणजे दुसरीला मिळतील. नेल्यावर चिंचोके आधी मुलाकडून मोजून घ्या. आमच्या मोजण्यात एखाददुसरा इकडे-तिकडे झाला असेल, तर शंभराला किती कमी पडतात ते त्यालाच सांगू द्या.